वीज वाचवणारी उपकरणं आणि ती बसवणारे हात

प्रश्न : मी बार्शीत वायरमन आहे. वडिलांच्या हाताखाली काम शिकलो. हल्ली गिऱ्हाईक रिमोटचे पंखे, इन्व्हर्टर एसी असं काहीबाही घेऊन येतं आणि 'बसवून द्या' म्हणतं. बसवून देतो, पण पंखा चार-सहा महिन्यांत बंद पडला की बोल मलाच लागतो. या वस्तूंनी खरोखर वीज वाचते का? आणि आमच्यासारख्यांनी नेमकं काय शिकून घ्यावं?
*एक वायरमन, बार्शी*

उत्तर : वाचते, आणि चांगली वाचते. पण ती तुमच्या हातून वाचते, हे आधी सांगायला हवं. खोक्यावरचे ऊर्जाबचतीचे तारे प्रयोगशाळेतल्या चाचणीवर मिळतात. तिथे व्होल्टेज स्थिर असतं, जोडणी घट्ट असते, उपकरणाला हवी तेवढी मोकळी हवा मिळते. गिऱ्हाइकाच्या घरात ढिला न्यूट्रल असतो, जुना रेग्युलेटर असतो, आउटडोअर युनिटसमोर वाळत घातलेल्या चादरी असतात. कारखान्यात साधलेली बचत घरापर्यंत पोचते की वाटेतच सांडते, हे वायरमन, प्लंबर, एसी मेकॅनिक आणि गवंडी ठरवतात. जाहिरातीत या माणसांचं नाव कुठेही नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच तुमचा प्रश्न मोलाचा वाटला.

तुम्ही पंख्याचं विचारलंत, तर पंख्यापासूनच सुरू करू. साधा ४८ इंची पंखा फुल स्पीडला ७० ते ८० वॅट घेतो. तेवढ्याच वाऱ्याला तुम्ही म्हणता तो रिमोटचा, म्हणजे बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा २८ ते ३५ वॅट घेतो. साध्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. तिच्या रोटरमध्ये चुंबकत्व निर्माण करायलाच वीज खर्च होते आणि त्यातली बरीच उष्णता होऊन जाते. रात्रभर चाललेल्या पंख्याच्या डब्याला सकाळी हात लावलात तर तो गरम लागतो. ती वाया गेलेली वीज. बीएलडीसीच्या रोटरवर कायमचे चुंबक असतात आणि आतलं छोटं सर्किट कॉइलना आळीपाळीने करंट देऊन त्यांना फिरवतं.

हिशोब करून पाहा. फरक ४५ वॅटचा. पंखा रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस चालला तर १६२ युनिट वाचतात. शेवटच्या युनिटचा दर दहा रुपये धरला तर वर्षाला सोळाशे रुपये. तीन हजारांचा पंखा दोन वर्षांत फिटतो. पण पाहुण्यांच्या खोलीतला, दिवसाला दोनच तास चालणारा पंखा बदलला तर वर्षाला २७ युनिटच वाचतील आणि पैसे फिटायला अकरा वर्षं लागतील. गिऱ्हाईक 'घरातले सगळे बदला' म्हणालं तरी तुम्ही त्याला सांगा, आधी हॉल आणि झोपायची खोली, बाकीचे जुने जळतील तेव्हा. या सल्ल्याने तुमची आजची मजुरी थोडी बुडेल, पण ते घर तुमचं कायमचं होईल.

मी शेवटच्या युनिटचा दर का म्हणालो, तेही समजून घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा असे टप्पे असतात. ३३० युनिट जाळणाऱ्या घरात तीन पंखे बदलून महिन्याला चाळीस युनिट कमी झाले, तर त्यातले तीस थेट तिसऱ्या, महागड्या टप्प्यातून गळतात. बचत नेहमी वरून सुरू होते. म्हणून सरासरी दराने केलेला हिशोब खऱ्या बचतीपेक्षा कमी दिसतो.

आता पंखे बंद का पडतात ते पाहू. बहुतेक वेळा कारण भिंतीवरच्या बोर्डात असतं. बीएलडीसी पंख्याला सरळ, पुरा सप्लाय लागतो. जुना रेग्युलेटर लाइनमध्ये तसाच ठेवला तर तो व्होल्टेज पाडतो किंवा लहरीचे तुकडे करतो, आणि पंख्यातलं सर्किट त्याने तापत राहतं. यात फसवणारी गोष्ट अशी, की पाच पायऱ्यांचा कंडेन्सरवाला रेग्युलेटर पाचवर असताना सप्लाय सरळच जातो. त्यामुळे तुम्ही बसवता त्या दिवशी पंखा झकास चालतो. मग एके दिवशी आजी सवयीने नॉब तीनवर आणतात, पंखा घुटमळत फिरू लागतो आणि काही आठवड्यांनी सर्किट जातं. 'नॉब पाचवरच ठेवा' असं सांगून भागत नाही. रेग्युलेटर बोर्डातून काढा, फेज सरळ स्विचमधून न्या, रिकाम्या जागी कोरी प्लेट लावा आणि जुना रेग्युलेटर गिऱ्हाइकाच्या हातात द्या. स्पीड आता रिमोटवर, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एकदा दाखवून द्या.

दुसरं कारण न्यूट्रल. थ्री फेज सप्लाय असलेल्या इमारतीत किंवा गल्लीत न्यूट्रल कुठे ढिला झाला, तुटला, तर एका फेजवरच्या घरांत व्होल्टेज तीनशेच्या वर जाऊ शकतं. जुना पंखा असा झटका पुष्कळदा सोसून जायचा, इलेक्ट्रॉनिक सर्किट सोसत नाही. म्हणून पंखा टांगण्याआधी मेन बोर्डातली न्यूट्रलची पट्टी उघडून पाहा. स्क्रू काळवंडलाय का, वायरचं टोक जळून ठिसूळ झालंय का? पाच मिनिटांचं काम आहे. पंख्याला अर्थिंगची वायर दिलेली असते ती कापून टाकू नका. आणि जोड पिळून नुसती टेप गुंडाळण्यापेक्षा कनेक्टर वापरा.

एक फायदा मात्र दुकानदार सांगायला विसरतात. तुमच्या भागात वीज जाते, घराघरांत बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. तीन साधे पंखे बॅटरीवर सव्वादोनशे वॅट ओढतात, तीन बीएलडीसी पंखे नव्वद. तीच बॅटरी रात्री दुपटीहून जास्त वेळ पुरते, आणि इन्व्हर्टरवर जुन्या पंख्यांची जी घरघर येते तीही बंद होते.

प्रश्न : आमच्या एसीत दर उन्हाळ्यात 'गॅस संपला' म्हणून गॅस भरावा लागतो. एसी पाच तारांकित इन्व्हर्टर आहे, तरी बिल कमी नाही. दोष कंपनीचा की आमच्या वापराचा?
*एक वाचक, नागपूर*

उत्तर : बहुधा दोन्हींचा नाही, बसवणीचा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, आत उष्णता घेतो, बाहेर सोडतो आणि परत येतो. तो कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. 'संपला' म्हणून भरून देणारा मेकॅनिक पंक्चर न काढता हवा भरतो आहे. त्याला विनंती करा, आधी गळती शोध. ती बहुतेक वेळा आउटडोअर युनिटच्या फ्लेअर नटपाशी सापडते, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा दिसतो. तांब्याची नळी पसरवताना काठ चिरला असेल किंवा नट कमी-जास्त आवळला असेल तर तिथून गॅस महिनोन्‌महिने हळूहळू जातो. गॅस कमी असला की कॉम्प्रेसर जास्त वेळ, जास्त जोराने चालतो. मग तारे पाच असले तरी बिल तीन ताऱ्यांवाल्यासारखं येणारच.

याहून मोठी आणि न दिसणारी चूक बसवण्याच्या दिवशी होते. इनडोअर आणि आउटडोअर जोडल्यावर मधल्या नळ्यांत साधी हवा भरलेली असते. ती व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायची असते. गेजवर निर्वात ५०० मायक्रॉनच्या आसपास यायला हवा आणि पंप बंद केल्यावरही काही मिनिटं टिकायला हवा. प्रत्यक्षात काय होतं? घाईच्या दिवसांत मेकॅनिकला पुढची चार घरं गाठायची असतात. तो आउटडोअरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, थोडा गॅस सुर्रकन सोडून 'हवा मारतो' आणि नट आवळून निघतो. तेवढ्याने हवा पुरती जात नाही आणि हवेतलं बाष्प तर मुळीच जात नाही. राहिलेली हवा दाब वाढवते, म्हणजे वीज वाढवते. राहिलेलं पाणी कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार करतं आणि वर्षा-दोन वर्षांत कॉम्प्रेसरला खातं. घरमालकाला यातलं काहीच दिसत नाही, कारण पहिल्या दिवशी एसी गार हवा देतोच.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून आणखी थोडं. नव्या एसींत बहुधा आर-३२ गॅस असतो. तो सौम्य ज्वालाग्राही आहे. भरलेल्या नळीवर ब्रेझिंगची ज्योत न्यायची नाही आणि काम चालू असताना बिडी-सिगारेट नाही. तो दाबाच्या अंदाजाने नव्हे, वजन करून भरायचा. नळी कंपनीने दिलेल्या लांबीपेक्षा लांब नेली तर दर मीटरमागे किती गॅस वाढवायचा ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. हवेत सोडलेला एक किलो आर-३२ तापमानवाढीच्या हिशोबात ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा भरतो, जुना आर-४१०ए तर दोन हजारांहून जास्त. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये भारत शीतकरण कृती आराखडा जाहीर केला, त्यात एक लाख सर्व्हिसिंग तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. ते उगाच नव्हतं. नागपूरसारख्या शहरात हजारो एसी दर मे महिन्यात उघडले जातात आणि प्रत्येक वेळी हे काम नीट होतं की नाही यावर सगळं अवलंबून असतं.

तुम्ही काय कराल? बसवायला किंवा दुरुस्तीला येणाऱ्याला फोनवरच विचारा, 'व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणणार ना?' त्यासाठी दोनशे-तीनशे रुपये जास्त मागितले तर आनंदाने द्या. आउटडोअर युनिटला चहूबाजूंनी मोकळी हवा हवी. जाळीच्या डक्टमध्ये किंवा बंद बाल्कनीत बसवलं तर ते आपलीच गरम हवा पुन्हा ओढतं. इन्व्हर्टर एसीच्या दोन्ही नळ्यांवर इन्सुलेशन लागतं, कारण बारीक नळीही गार असते. फिल्टर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुवा. आणि तापमान २४ वर ठेवून पंखा लावा. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम आहे. एक अंश वाढवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो.

तुमच्याकडे कूलरही असेलच. खिडकीत कूलर आणि समोरचं दार बंद, असं असेल तर तो खोलीत नुसता दमटपणा भरतो. समोरून हवा बाहेर जायला वाट ठेवा.

प्रश्न : मी छोटी बांधकामं घेतो. वरच्या मजल्यावर राहणारे लोक 'गच्ची तापते, काहीतरी करा' म्हणतात. बाजारात पांढरे रंग आलेत. चालतात का ते?
*एक ठेकेदार, परभणी*

उत्तर : चालतात, नीट लावले तर. वरच्या मजल्याला बारा-बारा तास ऊन खाणारा स्लॅब हाच मोठा शेगडीचा तवा. सिमेंटचा करडा कोबा बरंचसं ऊन पिऊन घेतो आणि ते रात्री अकरा-बारापर्यंत खाली सोडत राहतो. म्हणून रात्रीही झोप लागत नाही. तुमच्या मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत हा त्रास कमी असायचा, कारण लाकडी पाटणीवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. तो थर तापायलाच संध्याकाळ होई. पाच इंची स्लॅबला ती जाडी नाही, म्हणून ऊन आत शिरण्याआधीच परतवावं लागतं.

ऊन परतवणारा पांढरा लेप तेच करतो. खोलीत साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडू शकतो, स्लॅबच्या पृष्ठभागावर त्याहून खूप जास्त. अहमदाबाद महापालिकेने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतल्या छपरांवर अशी मोहीम सुरू केली आणि तेलंगणाने २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरणच आणलं. मराठवाडा-विदर्भात याची गरज तसूभरही कमी नाही.

आता काम. आधी गळती आणि भेगा, मग रंग. ओल असलेल्या स्लॅबवर लेप मारलात तर पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतील. कोबा वायरब्रशने घासा, धुवा, दोन दिवस कडक वाळू द्या, भेगा भरा, प्रायमर मारा आणि मग दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. भर दुपारी लावू नका. तापलेल्या स्लॅबवर लेप पकडण्याआधीच वाळतो. साधा ऑइलपेंट चालणार नाही. कमी पैशांत करायचं तर चुन्यात चिकटा मिसळून मारा, एक उन्हाळा निभावतो. कायमचं करायचं तर पांढरा चायना मोझॅक. कोणताही प्रकार असो, धूळ बसली की अर्धं काम संपतं, तेव्हा मार्चमध्ये एकदा गच्ची धुवायला मालकाला सांगा. पत्र्याच्या घरांवर तर हा लेप आणखी गुणकारी आहे, आणि तिथेच सगळ्यात कमी लावला जातो.

एक करू नका. आतून छताला उघडा थर्माकोल चिकटवू नका. आग लागली तर तो भराभर पेटतो.

पश्चिमेच्या भिंतीचंही बघा. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, त्याला वरचा छज्जा अडवत नाही. तिथे उभा आडोसा, जाळी, बाहेरून बांबूची चीक किंवा वाळ्याचा पडदा लागतो. पडदा काचेच्या आत लावून उपयोग थोडा, कारण ऊन तोवर घरात आलेलं असतं. नवं बांधत असाल तर पश्चिमेला एएसी ब्लॉकची भिंत विटेपेक्षा उष्णता बरीच कमी आत घेते. २०१८ मध्ये आलेल्या 'इको निवास संहिता' या घरांसाठीच्या ऊर्जा संहितेत भिंती आणि खिडक्या मिळून किती उष्णता आत येऊ द्यावी याची, आणि छतासाठी वेगळी, मर्यादाच घालून दिली आहे. परभणीत ती कुणी विचारत नसेल, तरी वाचून ठेवा.

प्रश्न : सोलर बंब बसवला तरी 'गरम पाणी यायला वेळ लागतो', 'संध्याकाळीच गार होतं' अशा तक्रारी येतात. मी प्लंबर आहे. कुठे चुकतंय?
*एक प्लंबर, सातारा*

उत्तर : वेळ लागतो कारण पाणी नळीत थंड होऊन पडलेलं असतं. पाऊण इंची नळीच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत २० मीटर नळी गेली, तर प्रत्येक अंघोळीआधी पाचएक लिटर थंड पाणी सोडून द्यावं लागतं. सोलरची टाकी न्हाणीघरांच्या डोक्यावर, कमीत कमी नळी जाईल अशी ठेवा. एका न्हाणीघराला अर्धा इंची नळी पुरत असेल तर पाऊण इंची घालू नका. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा तशीच उष्णता सोसणारी नळी हवी, साधी पांढरी पीव्हीसी वाकते. आणि उघड्या गच्चीवरच्या प्रत्येक इंचावर काळ्या रबरी फोमचं इन्सुलेशन, त्यावर उन्हापासून वाचवणारं आवरण. ते आवरण घातलं नाही तर फोम एक-दोन वर्षांत भुगा होऊन उडतो आणि आपण घातलं होतं हेही कुणाला आठवत नाही.

संध्याकाळी गार होतं ते बहुधा गरम पाणी उलटं थंड टाकीकडे चढत असेल म्हणून. थंड पाण्याच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का? थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या वर आहे ना? आणि हवेची नळी थंड टाकीच्या वरच्या काठापेक्षा उंच नेलीय ना? या तीन गोष्टी पाहिल्यात तर निम्म्या तक्रारी मिटतील. काचेच्या नळ्यांचा बंब भर दुपारी रिकामा असताना एकदम पाणी सोडू नका, नळ्या तडकतात. सकाळी भरा.

गिऱ्हाइकाला पटवायला आकडा हवा असेल तर हा घ्या. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट वीज लागते. तेवढी गिझरने रोज जाळायची की उन्हाकडून घ्यायची? सोसायटी, वसतिगृह किंवा लॉज असेल आणि गच्ची अपुरी असेल तर हीट पंपाचा पर्याय सांगा. तो हवेतली उष्णता ओढून पाणी तापवतो आणि गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत काम भागवतो.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवायचे आहेत. दरपत्रकं आली आहेत, पण कामाचा दर्जा कसा ओळखायचा?
*सोसायटीचे सचिव, डोंबिवली*

उत्तर : फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॅट आणि त्यावर ७८,००० रुपये अनुदान आहे, सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. पण कंत्राटदार निवडताना त्याला चार गोष्टी विचारा आणि तो कशी उत्तरं देतो ते ऐका.

सावलीची पाहणी केली का? एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पाण्याच्या टाकीची सावली ओळीतल्या एकाच पॅनलवर पडली तरी अख्ख्या ओळीची वीज घटू शकते. त्याने सकाळी आणि दुपारी गच्चीवर उभं राहून सावली पाहिली नसेल तर त्याचा आराखडा कागदावरचा आहे. सांगाडा कसा बसवणार? कोब्याला भोकं पाडून बोल्ट ठोकणार असेल तर पावसाळ्यात शेवटच्या मजल्यावर गळती ठरलेली. सिमेंटचे जड ठोकळे किंवा आधी वॉटरप्रूफिंग करून घेतलेले पायथे हवेत. डोंबिवलीची खाडीकडची दमट हवा लक्षात घेता सांगाडा गरम जस्तात बुडवलेलाच हवा, नुसता रंगवलेला नको. अर्थिंग किती? डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक, तिघांना वेगळी. आणि डीसी बाजूला ब्रेकर डीसीचाच आहे का? एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उठलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही. ठिणगी पेटती राहते. स्वस्तातला एसी ब्रेकर डीसीला लावणं हे आगीला आमंत्रण आहे.

तुमच्या नेहमीच्या वायरमनलाही या कामाच्या वेळी गच्चीवर उभं करा. पुढची वीस-पंचवीस वर्षं इमारतीत तोच येणार आहे, आणि मेन बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनलच्या तारांत शेकडो व्होल्ट असतात हे त्याला ठाऊक असणं त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. सभासदांना आधीच सांगून ठेवा, की ग्रिडला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर वीज गेली की भर उन्हातही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं.

प्रश्न : एलईडी दिवा बंद केल्यावरही मंद उजळत राहतो. दिवा खराब आहे का?
*एक वाचक, चिपळूण*

उत्तर : दिवा बरा असावा. बहुधा स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसला आहे, किंवा स्विचमध्ये लाल इंडिकेटर आहे आणि त्यातून किंचित करंट जातो. वायरमनला स्विच फेजवर घ्यायला सांगा. हे टाळू नका, कारण न्यूट्रलवर स्विच असेल तर 'बंद' केलेल्या होल्डरमध्येही फेज जिवंत असतो.

प्रश्न : आयटीआयला शेवटच्या वर्षाला आहे. काम सुरू करताना हत्यारं कोणती घेऊ? आणि ऊर्जाबचतीचं काम गिऱ्हाइकाला पटवायचं कसं?
*एक विद्यार्थी, लातूर*

उत्तर : पक्कड-पेचकस तुझ्याकडे असणारच. पहिल्या कमाईतून क्लॅम्पमीटर घे, दुसऱ्यातून इन्सुलेशन तपासायचा मेगर. अर्थ टेस्टर महाग असतो. दोघा-तिघांत मिळून घ्या. तारांकित लेबल वाचायला शीक. त्यावर ताऱ्यांबरोबर वर्ष आणि वार्षिक युनिट छापलेले असतात. निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या वर्षाचे पाच तारे आजच्या तीन-चारांच्या तोडीचे असू शकतात. तारे मोजू नकोस, युनिट वाच. २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही हे लेबल सक्तीचं आहे.

पटवायचं ते मीटरसमोर उभं राहून. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच एका युनिटला किती लुकलुकी ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं सगळं बंद कर, फ्रिजचा प्लगही काढ, आणि फक्त जुना पंखा फुल स्पीडला लाव. ७५ वॅटचा पंखा असेल तर दिवा दर १५ सेकंदांनी एकदा लुकलुकेल. मोबाइलचं स्टॉपवॉच गिऱ्हाइकाच्याच हातात दे. नवा पंखा बसवल्यावर पुन्हा मोज. ३० वॅटला दोन लुकलुकींमध्ये ३७ सेकंद जातात. आणि पंखा चालू करण्याआधी, सगळं बंद असतानाच दिवा लुकलुकत असेल, तर घरात कुठेतरी करंट गळतो आहे. पंखा बाजूला ठेव आणि आधी ती गळती शोध.